उजेडाने चित्र काढायचा नाद, पण आग न लावता

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागायच्या सुमारास मुलांनी काय शिकावं यावर आपल्या पेपरात दरवर्षी पान येतं. पोहणं, बुद्धिबळ, गिटार, ओरिगामी, कोडिंगचे क्लास वगैरे, आणि ते वाचून पालक आम्हा शिक्षकांना विचारतात की मॅडम आमच्या पोराला कशाला घालू. मी कोल्हापूर जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. त्या पानावर मला एक छंद कधीच दिसला नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले. लाईट पेंटिंग. म्हणजे काळोखात कॅमेऱ्याचं शटर (आत उजेड सोडणारा पडदा) उघडं ठेवायचं आणि हातात बॅटरी घेऊन हवेत चित्र काढायचं. मी स्वतः करते, मुलांकडून करून घेते आणि इतका स्वस्तातला आणि इतकं शिकवणारा दुसरा नाद मला तरी माहीत नाही.

पेपरात आणि मोबाईलवर या प्रकाराचे फोटो येतात, नाही असं नाही, पण ते बहुतेक एकाच जातीचे. गडाच्या बुरुजावर किंवा पठारावर कोणीतरी ठिणग्यांचं मोठं चक्र फिरवतोय आणि खाली ‘नेत्रदीपक’ असं काहीतरी लिहिलेलं. त्यामुळे लोकांचा समज झालाय की लाईट पेंटिंग म्हणजे हेच. तसं नाहीये, आणि ते ठिणग्यांचं प्रकरण मुलांच्या हातात द्यायचंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे लिहिते. आधी छंदाबद्दल.

शटर जोपर्यंत उघडं आहे तोपर्यंत कॅमेरा समोरचा उजेड साठवत राहतो, एवढंच यातलं तंत्र. काळे कपडे घालून माणूस अंधारात हिंडत असेल तर तो कुठल्याही एका जागी पुरेसा वेळ थांबत नाही आणि त्याच्या अंगावरून कॅमेऱ्याकडे उजेडही जात नाही, म्हणून तो फोटोत उमटत नाही. उमटतो फक्त त्याच्या हातातला दिवा, जिथून जिथून गेला ती सगळी वाट. मुलांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा ती गप्पच होतात, मग एकदम सगळी म्हणतात मॅडम मी मॅडम मी.

बॅटरी कॅमेऱ्याकडे तोंड करून फिरवली की रेघ मिळते. तीच बॅटरी कॅमेऱ्याकडे पाठ करून एखाद्या वस्तूवर फिरवली की ती वस्तू उजेडाने रंगवल्यासारखी वर येते. लोक पहिल्या प्रकारात अडकून पडतात, पण चित्रकलेच्या मुलांनी दुसरा आधी करावा. आमच्याकडे घरात एक मठारलेला तांब्याचा हंडा आहे. खोली पूर्ण काळोखी करून तो हंडा स्टुलावर ठेवला आणि बॅटरी समोरून मारली तर फोटोत नुसता एक तांबूस गोळा दिसतो, सपाट. तीच बॅटरी बाजूने, अगदी हंड्याच्या पोटाला घासून जाईल अशी वरून खाली हळू नेली की ठोक्याठोक्याला एक उजळ कड आणि एक सावली मिळते, हातोडा किती जवळ जवळ पडलाय ते मोजता येईल इतकं स्पष्ट. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्थिरचित्र शिकवताना आम्ही घसा कोरडा करून सांगतो की उजेड कुठून येतोय ते आधी बघा, मुलं मान डोलावतात आणि दोन्ही बाजूंनी सावली मारून मोकळी होतात. इथे उजेडच त्यांच्या हातात असतो त्यामुळे तो कुठून येतोय हे सांगावं लागत नाही.

आता लागतं काय ते सांगते, कारण पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. डीएसएलआर, म्हणजे भिंगं बदलता येणारा मोठा कॅमेरा, लागत नाही. हल्लीच्या बऱ्याच मोबाईलमध्ये प्रो मोड असतो, त्यात शटरचा वेळ वाढवता येतो, काहींमध्ये ३० सेकंदांपर्यंत, काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर लाईट पेंटिंग नावाचा वेगळा मोडच दिलेला असतो आणि ज्यात नाही त्यासाठी अ‍ॅप मिळतात. मोबाईल हलता कामा नये हे महत्त्वाचं. दोन-तीनशे रुपयांत छोटा ट्रायपॉड मिळतो, तोही नसेल तर स्टीलच्या डब्यात तांदूळ भरून त्यात मोबाईल उभा रोवायचा, हलत नाही. बटण दाबताना धक्का बसतो म्हणून टायमर लावायचा. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, १०० किंवा जो सगळ्यात कमी असेल तो. फोकस मात्र अंधारात आपोआप लागत नाही, कॅमेरा बिचारा पुढे-मागे शोधत बसतो, म्हणून जिथे चित्र काढायचं तिथे कोणाला तरी उभं करून त्याच्यावर बॅटरी मारायची, फोकस लावून घ्यायचा आणि लॉक करायचा.

कोणाकडे चांगला कॅमेरा असेल तर उत्तमच, एफ/८ ते एफ/११ (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे भिंगाच्या भोकाचा आकडा, तो वाढला की भोक बारीक होतं), आयएसओ १००, वेळ ३० सेकंद इथून सुरुवात करावी आणि ३० च्या पुढे जायचं असेल तर बल्ब मोड, ज्यात हवा तेवढा वेळ शटर उघडं राहतं, आणि रिमोट. एक गोष्ट फार कमी जण नीट सांगतात ती लिहिते. रेघ किती उजळ येणार हे शटरच्या वेळेवर नसतंच. ते दिव्याच्या ताकदीवर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर आणि आपला हात किती जोरात फिरतो यावर असतं. हात सावकाश चालवला की रेघ जाड आणि पांढरीफेक, झपकन नेला की बारीक आणि फिकी. शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने फक्त मागचा देखावा उजळत जातो, झाडं, घरं, आभाळ. म्हणून रेघ फार भडक येत असेल तर वेळ कमी करून उपयोग नाही, अ‍ॅपर्चर बारीक करा किंवा बॅटरीच्या काचेला कागद लावा. आणि पौर्णिमेच्या रात्री उघड्या माळावर जमीन नीट दिसेल असा फोटो हवा असेल तर एफ/८ आणि आयएसओ १०० ला साधारण चार मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात तुम्ही निवांत अख्खी झाडाची बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बाह्यरेषा काढू शकता. (लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर चार मिनिटांचा फोटो काढल्यावर कॅमेरा आणखी चार मिनिटं अडून बसतो, तो बिघडलेला नसतो, स्वतःचा एक काळा फोटो काढून त्यातले डाग वजा करत असतो.)

दिवे तर घराघरात पडलेले असतात. रंगासाठी जिलेटिन पेपर, तोच जो आपण आकाशकंदिलाला आणि गॅदरिंगच्या फोकसला लावतो. बॅटरीचा झोत पसरू नये म्हणून पुढे काळ्या कार्डशीटची नळी. जत्रेत बारीक प्लॅस्टिकच्या तारांचा चमकणारा झुपका विकायला असतो, प्रत्येक तारेच्या टोकाला ठिपका पेटणारा, त्याने हवेत फटकारा मारला की ब्रशने रंग ओढल्यासारख्या शेकडो समांतर रेषा येतात, परदेशात हाच ब्रश म्हणून महाग विकतात. गणपतीच्या सजावटीतली सेलवरची एलईडी माळ, सायकलचं चाक, मोडक्या छत्रीच्या काड्या. मुलांना एकदा कळलं की ती घरातली प्रत्येक वस्तू या नजरेने बघायला लागतात आणि माझ्या मते इथेच चित्रकला सुरू होते.

अक्षरांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण हा भाग आपला स्वतःचा आहे. इंटरनेटवर जे व्हिडिओ आहेत त्यात इंग्रजी शब्द लिहितात आणि एका ओढीत लिहून टाकतात. देवनागरीत तसं जमत नाही. काना दिला की उचल, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी आणि शेवटी शिरोरेषा. कागदावर पेन उचलता येतं, हवेत दिवा उचलला तरी तो पेटलेलाच असतो, त्यामुळे प्रत्येक उचलीची एक नको असलेली रेघ येते. यावर उपाय म्हणजे डाव्या हाताचा तळवा. अक्षराचा एक अवयव संपला की बॅटरीवर तळवा ठेवायचा, हात पुढच्या जागी न्यायचा, तळवा काढायचा. स्वस्तातल्या बॅटऱ्यांचं बटण वापरू नका, दर दाबाला ती आधी मंद, मग लुकलुक असं काहीतरी करत बसते. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, खांद्याच्या उंचीवर, चालत चालत एका दमात ओढायची आणि ती बरोबर अक्षरांच्या डोक्यावर बसली की मुलं जो आरडाओरडा करतात तो ऐकण्यासारखा असतो, कारण लिहिताना त्यांना काहीच दिसत नसतं. आधीचं अक्षर कुठे संपलं, किती उंच होतं, सगळं लक्षात ठेवून लिहायचं. परीक्षेला स्मरणचित्र आणि अक्षरलेखन हे वेगवेगळे प्रकार आहेत, इथे दोन्ही एकाच वेळी होतात. कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखं डावीकडून उजवीकडे लिहायचं, फोटोत ते आरशातल्यासारखं उलटं दिसतं, नंतर मोबाईलमध्ये फ्लिप करायचं. उलटं लिहायचा खटाटोप करू नये.

मोडी येणाऱ्या लोकांना तर माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी हे करून बघावं. मोडीत पानावर आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग खाली अक्षरं लिहितात, आणि ती वळणं अशी बेतलेली आहेत की हात शक्य तितका कमी उचलावा लागेल. काळोखात हवेत लिहायला याहून सोयीची लिपी मला तरी सुचत नाही. कोल्हापुरात, पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, त्या मंडळींनी आणि फोटो काढणाऱ्या मंडळींनी एकत्र बसावं असं फार वाटतं, एकाची ओढ आणि दुसऱ्याचं शटर.

हा प्रकार आजचा नाही. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे आणि जॉर्ज दमेनी या दोघांनी माणसाच्या सांध्यांना छोटे दिवे बांधून तो चालत असतानाचा फोटो काढला, उजेडाच्या रेघांचा माहीत असलेला सगळ्यात जुना फोटो तोच मानतात, आणि त्यांना कला वगैरे काही करायची नव्हती, चालण्यात बिघाड कुठे होतो ते बघायचं होतं. पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने १९१० च्या दशकात कामगारांच्या हाताला दिवा लावला, हातांची कुठली हालचाल फुकट जाते ते शोधायला. त्यांनी दिवा ठराविक वेगाने लुकलुकता ठेवला, त्यामुळे रेघेऐवजी तुटक ठिपके आले, ठिपके दूर दूर तिथे हात वेगात, जवळ जवळ तिथे हात रेंगाळला. आपल्या स्वस्त बॅटरीतला तो नकोसा लुकलुक मोड इथे कामाला येतो, मी मुलांना त्याने करून दाखवते आणि विज्ञानाच्या सरांनी तोच फोटो वेग शिकवायला नेला.

चित्रकारांमध्ये मॅन रे यांनी १९३५ मध्ये शटर उघडं ठेवून आपल्यासमोर हवेत गिरगट्या काढल्या, लोक त्यांना गिरगट्याच समजत राहिले, २००९ मध्ये एलेन केरी या फोटोग्राफर बाईंनी तो फोटो आरशात धरला तेव्हा कळलं की ती त्यांची सही आहे. आणि सगळ्यात गाजलेले फोटो पिकासोचे. १९४९ मध्ये ‘लाइफ’ मासिकाचे फोटोग्राफर जॉन मिली दक्षिण फ्रान्समध्ये व्हॅलोरिसला पिकासोकडे गेले, बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांच्या बुटांना दिवे लावून काढलेले आपले फोटो त्यांनी दाखवले. पिकासोने आधी १५ मिनिटं दिली होती म्हणतात, मग तो इतका रंगला की पाच बैठका झाल्या. खोली अंधारी, हातात छोटा विजेचा दिवा, आणि हवेत सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा), बैल, चेहरे. त्यातला सेंटॉरचा फोटो नीट बघा. रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली, कुठे संपली ते बोट ठेवून माग काढता येतो, पिकासोचा हात कसा चालायचा हे कॅनव्हासवरच्या चित्रात दिसत नाही ते इथे दिसतं. वर्गात हा फोटो लावला की ‘मॅडम मला चित्र येत नाही’ म्हणणारी मुलंसुद्धा पुढे येतात, कारण खोडरबर कोणाकडेच नाही, पिकासोकडेही नव्हता.

आता माझ्या शाळेतला एक प्रसंग सांगते, कारण त्यावरून हा छंद किती लांबपर्यंत जातो ते कळेल. आमच्याकडे मर्दानी खेळ शिकणारी मुलं आहेत, कोल्हापूरला ते नवीन नाही. नववीतल्या एका मुलाच्या लाठीच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला हिरवा एलईडी चिकटपट्टीने लावला आणि संध्याकाळी सात वाजता ग्राउंडवर त्याला फिरवायला लावलं. अंगासमोरून लाठी डावी-उजवी फिरवतात तो प्रकार. फोटोत दोन मोठी वेटोळी आली, लाल-हिरवी एकमेकांत गुंतलेली, दिसायला अप्रतिमच, पण उजवीकडचं वेटोळं गोल आणि डावीकडचं वरून चेपलेलं. मला वाटलं कॅमेऱ्याच्या कोनामुळे असेल. त्याच्या वस्तादांनी मोबाईल हातात घेतला, क्षणभर बघितलं आणि म्हणाले हेच मी याला किती दिवस सांगतोय, डावं मनगट वळत नाही. त्या पोराने तो फोटो झूम करून करून बघितला. त्यानंतर ती मुलं स्वतःच दिवे बांधून फोटो काढतात आणि वेटोळी गोल येतायत का बघतात. मारे आणि दमेनी १८८९ मध्ये जे करत होते तेच, फक्त त्या मुलाला त्यांची नावं माहीत नव्हती तोपर्यंत.

आपल्या भागात विषयांना तोटा नाही. गळीत हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला सुरक्षित उंचवट्यावर कॅमेरा लावून ठेवा, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा येतात आणि खड्ड्यात चाक गेलं तिथे रेघ बरोबर उडी मारते. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावतात तेव्हा पाण्यात सोडलेल्या दिव्यांचा १५-२० सेकंदांचा फोटो काढून बघा, दिव्यांच्या रेघांवरून नदीचा प्रवाह कुठे ओढतोय आणि काठाला कुठे भोवरा आहे ते कळतं. कॅमेरा उत्तरेकडे लावून तास-दीड तास फोटो घेत राहिलात तर तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात, तासाला १५ अंश, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असल्याने त्यातल्या मोठ्या वर्तुळांचा खालचा भाग जमिनीत जातो. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे शिरतं.

मुलींच्या बाबतीत एक सांगते. रात्री बाहेर फिरून करायचा छंद म्हटलं की मुलींचे पालक तिथेच नाही म्हणतात, आणि त्यांची काळजी मला पटते. पण याला बाहेर जायची गरजच नाही. खिडक्यांना घोंगडी किंवा जाड चादरी लावलेली एक खोली पुरते, उलट खोलीत अंधार पक्का असल्यामुळे हवा तेवढा वेळ घेता येतो आणि पावसाळ्यातही काम थांबत नाही. गच्ची आहे, परसू आहे. माझ्या वर्गातलं सगळ्यात सुंदर काम एका मुलीने आपल्या माजघरात केलंय, जमिनीवर खडूने ठिपक्यांची खूण करून त्यावरून दिवा नेत काढलेली रांगोळी, फोटोत खडू दिसतच नाही, फक्त उजेडाची रांगोळी. बाहेर जायचंच असेल तर मोठं माणूस सोबत, पायात बूट, कारण गवतात फुरसं-घोणस असतात, आणि शेतात जाणार असाल तर शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रात्री रानात दिवे हलताना दिसले की गावात चोर आल्याची बोंब व्हायला वेळ लागत नाही. लेझर अजिबात वापरू नका, डोळ्यालाही वाईट आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरलाही.

आता ठिणग्यांकडे येते. स्टील वूल नावाचा लोखंडाच्या अगदी बारीक तारांचा बोळा असतो, तो पेटवून साखळीला लावून गरागरा फिरवतात. फिरवताना वारा मिळतो, तार पेटत जाते आणि जळत्या लोखंडाचे थेंब चहूकडे उडतात, लांबवर, जमिनीवर पडून उसळतात आणि पडल्यावरही लगेच गार होत नाहीत. फोटो भारी दिसतो हे मी नाकारत नाही. पण आपल्या सह्याद्रीत दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत पठारच्या पठार वाळून कोळ झालेलं असतं, बिडीच्या थोटकाने वणवे लागतात तिथे तुम्ही जळतं लोखंड उधळताय! वणव्यात गवताबरोबर जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात, सरडे जातात, नुकती लावलेली रोपं जातात, आणि विझवायला धावतात ते वाडीतले लोक, झाडाच्या फांद्या हातात घेऊन. गडांवर तर मुळातच बऱ्याच ठिकाणी सूर्यास्तानंतर थांबायला परवानगी नसते. तरी लोक जातात, बुरुजावर फिरवतात, दगडाला लोखंडाचे कण चिकटून गंजाचे डाग पडतात. ज्या गडांवर आपण अनवाणी जातो तिथे हे चालवून घ्यायचं? परदेशातही याचा त्रास झालाय. कॅलिफोर्नियात पॉइंट रेयेसजवळ चिखलात रुतलेलं एक जुनं लाकडी मासेमारी जहाज होतं, फोटोग्राफर लोकांचं आवडतं, २०१६ मध्ये त्याची मागची बाजू जळली आणि त्याला स्टील वूलच कारण असल्याचं तिथे सांगितलं गेलं. म्हणजे ज्याचे फोटो काढायला लोक जायचे तेच जाळलं.

त्या चक्राचा मोह ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी सांगते, तसाच गोळा एलईडीने होतो. तीन-चार फूट दोरी, टोकाला घट्ट बांधलेला सेलचा छोटा दिवा. जमिनीवर एक खूण करायची, दोरी उभ्या वर्तुळात फिरवायची, दिवा खाली आला की दर वेळी त्या खुणेवरूनच गेला पाहिजे, आणि फिरवता फिरवता आपण त्या खुणेभोवती छोट्या पावलांनी एक पूर्ण फेरी मारायची. फोटोत उजेडाचा अख्खा गोळा जमिनीवर ठेवलेला दिसतो. सोपं वाटतं, पण खूण न सोडता फेरी पुरी करणं यात खरी कसरत आहे, सरावानेच येतं आणि सराव करताना कोणाचं काही जळत नाही. दिवाळीत फुलबाजीने नावं लिहिणारी मुलं असतातच, त्यांना मी अडवत नाही, पण सुती कपडे, बाजूला पाण्याची बादली आणि जळून गेलेली तार लगेच बादलीत, कारण ती काळी दिसली तरी तापलेली असते आणि अंधारात हमखास कोणाचा तरी पाय पडतो.

आणि काजव्यांच्या जागी तर कुठलाच दिवा नको. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला राधानगरी, भंडारदरा, राजमाचीकडे काजवे बघायला गर्दी होते. झाडभर काजव्यांचे जे फोटो फिरतात ते लाँग एक्सपोजरचेच असतात, बरेचदा कितीतरी फोटो एकावर एक ठेवून केलेले, म्हणून फोटोतली दाटी डोळ्याला दिसत नाही. ती दाटी बघून लोक तिथे बॅटऱ्या, मोबाईलचे फ्लॅश घेऊन शिरतात. नर काजवा मादीला खूण म्हणून लुकलुकतो, आपण तिथे उजेड केला की त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत आणि वर्षातले ते थोडेसे दिवस वाया जातात. उजेडाशी खेळणाऱ्या माणसाला काळोखाची कदर सगळ्यात जास्त असायला हवी, मी मुलांकडून हे वदवून घेते. आमच्या गावातल्या चौकात हायमास्ट आल्यापासून चौकातून तारे दिसत नाहीत, ते या मुलांच्याच आधी लक्षात आलं.

एक मुद्दा हल्ली फार छळतो तो लिहून आवरतं घेते. कोणालाही हे फोटो दाखवले की पहिला प्रश्न, एआय आहे का? मुलं हिरमुसतात. या छंदातल्या जाणत्या लोकांचा एक कडक नियम आहे की फोटो एकाच एक्सपोजरचा, म्हणजे शटर एकदाच उघडून काढलेला असला पाहिजे, जे दिसतंय ते कॅमेऱ्यासमोर खरंच घडलेलं पाहिजे, नंतर चिकटवाचिकटवी नाही. उलटं अक्षर सुलटं करणं किंवा थोडं उजळ करणं ठीक, पण रेघ हाताचीच. मी मुलांना प्रत्येक फोटोखाली वेळ, अ‍ॅपर्चर, आयएसओ, दिवा कुठला वापरला हे वहीत लिहायला लावते, कोणी शंका घेतली तर वही पुढे करायची, आणि हवं तर समोर करून दाखवायचं.

तर संपादक साहेब, मागण्या तीनच आणि तिन्ही आपल्या हातातल्या आहेत. सुट्टीच्या पानावर या छंदाला जागा द्या, लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. गडावर, माळावर स्टील वूल फिरवलेले फोटो कोणी पाठवले तर ते छापू नका, कारण पेपरात फोटो आला की पुढच्या शनिवारी तिथेच आणखी दहा जण जातात. आणि दिवाळीत वाचकांचे फोटो मागवता तेव्हा त्यात लाईट पेंटिंगचा वेगळा गट ठेवा, अट एकच, एकच एक्सपोजर आणि सोबत सगळे आकडे.

सोबत मुलांनी काढलेले फोटो पाठवत आहे, पालकांची लेखी परवानगी घेतली आहे, फक्त नावं छापू नका असं त्यांचं म्हणणं आहे. तांब्याच्या हंड्याचा फोटो आठवीतल्या एका मुलीचा आहे, ४० सेकंद, एफ/११, आयएसओ १००, साधी दोन सेलची बॅटरी आणि पुढे काळ्या कार्डशीटची नळी. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, फोटोखालचे हे आकडे कापू नका.

आपली विश्वासू,
एक चित्रकला शिक्षिका,
जि. कोल्हापूर